हजेरीतलं शेवटचं नाव

इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाने निदान थँक्यू-सॉरी तरी इंग्रजीत म्हणावं, अशी आपली साधी अपेक्षा असते. आमच्या देवरे सरांनी तीही कधी पुरी केली नाही. नोकरीतली सारी वर्षं त्यांनी नाशिकच्या आमच्या शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवलं, पण वर्गाबाहेर त्यांच्या तोंडून एक अख्खं इंग्रजी वाक्य ऐकल्याचं मला आठवत नाही. स्टाफरूममध्ये ते मराठी बोलत. फार आनंद झाला किंवा फार राग आला, की देवळ्याकडची अहिराणी बाहेर पडायची. "बठ्ठं बराबर शे," म्हणजे सगळं ठीक आहे, हे त्यांचं लाडकं वाक्य. मुलांच्या वह्यांवर ते 'गुड' लिहीत आणि वही हातात देताना हे म्हणत. मुलांना 'गुड'पेक्षा हेच ऐकायची जास्त हौस असे.

मी मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मला 'गोसावीबाई' करून टाकलं. मधल्या सुट्टीत देवरे सर डबा उघडता उघडता म्हणाले, "बाई, तुमचं नाव काय?"

"गोसावी."

"ते आडनाव झालं. ते तुमच्या सासरच्या बठ्ठ्यांचं. तुमचं काय?"

"सुनंदा."

"माहेरचं का सासरचं?"

आता हा काय प्रश्न झाला? पण त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा दिसेना, म्हणून मीही सरळ सांगून टाकलं, "माहेरचं. सासरी बदललं होतं, पण ते लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं तेवढंच."

"त्या नावानं कोणी आज तुम्हाला मागून हाक मारली तर?"

"वळणारच नाही मी."

सर इतके खूश झाले की डब्यातली शेंगदाण्याची अर्धी चटणी त्यांनी माझ्या झाकणात घातली. "हेच तर मी पाचवीला शिकवतो," म्हणाले. त्या दिवसापासून शाळेत मला सुनंदाबाई म्हणणारा एकच माणूस होता.

पाचवीला ते काय शिकवतात हे मला पुढच्या जूनमध्ये कळलं. माझा तास शेजारच्या वर्गात असायचा आणि मधली भिंत नावापुरतीच होती. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. मुलांना एबीसीडी कशीबशी लिहिता यायला लागली, की देवरे सर कॉमन नाऊन आणि प्रॉपर नाऊन काढायचे. पाठ्यपुस्तकात ते कधी येतं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं म्हणणं, पोराला आधी आपलं नाव नीट लिहिता आलं पाहिजे, नंतर 'कॅट' आणि 'बॅट'.

त्यांची शिकवायची तऱ्हा अशी. मुलांना फळ्याकडे तोंड करून लिहायला बसवायचं, आपण चपला काढून वर्गाच्या मागे जाऊन उभं राहायचं आणि मुलं लिहिण्यात रमली की मागून हाक मारायची, "ए मुला!" सगळे मुलगे मान वळवून बघायचे. "ए मुली!" सगळ्या मुली. मग जरा थांबून, आवाज अजिबात न चढवता, "प्रकाश." एकच मान वळायची.

"बठ्ठे वळले तर कॉमन," सर म्हणायचे, "आणि ज्याचा तोच वळला तर प्रॉपर. म्हणून इंग्रजीत नावाचं पहिलं अक्षर उठून उभं राहतं. मराठीत सगळी अक्षरं एका उंचीची, आपल्याला ते दिसत नाही. पण कानाला कळतं की नाही?"

एका वर्षी वर्गात दोन संतोष निघाले. हाक मारली, दोघेही वळले, आणि वर्गाला वाटलं आता सर अडकले. सर म्हणाले, "दोन वळले तरी प्रॉपरच. दोघांना आपापल्या आईनं वेगवेगळी हाक मारली होती. नाव एक निघालं त्याला ते काय करतील?"

मुलं चुका करायची, त्याही आपल्या घरच्या वळणाच्या. आईला, वडिलांना, शिक्षकांना, अगदी आजीच्या चष्म्यालासुद्धा पहिलं अक्षर मोठं काढायची, कारण मोठ्या माणसांचा मान ठेवायला हवा. स्वतःचं नाव मात्र लहान अक्षराने, कारण आपण लहान. सर अशा वहीवर लाल रेघ मारत नसत. मुलाला जवळ बोलावून म्हणायचे, "आईला मान द्यायचा तर घरी जाऊन पाया पड. आणि तुझं नाव असं खाली बसवू नको, त्याला उभं कर."

गंगेची गोष्ट तर शाळेत बरेच दिवस चालली. नाशिकात गोदावरीला गंगाच म्हणतात. 'गंगेवर जाऊन येते' असं आमच्या सासूबाई रोज म्हणायच्या. तर परीक्षेत नदीचं नाव लिहायला सांगितलं तेव्हा निम्म्या वर्गाने लिहिलं, 'गंगा इज अ रिव्हर इन नाशिक.' सरांनी सगळ्यांना पूर्ण गुण दिले. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात उत्तरेकडून बदली होऊन आलेले एक गृहस्थ होते, त्यांचा मुलगा याच वर्गात. ते मुख्याध्यापिका वैद्यबाईंकडे तक्रार घेऊन आले. सरांना बोलावणं गेलं, आणि भूगोलाचं पुस्तक आणायला म्हणून मीही नेमकी तिथेच होते.

"सर, गंगा तो हमारे यहाँ है," गृहस्थ म्हणाले. "ये तो गोदावरी है."

"आपकी भी गंगा है, हमारी भी है," देवरे सर शांतपणे म्हणाले. "वर्गात दो संतोष है. मैं किसको बाहर निकालू?"

वैद्यबाई तोंडाला पदर लावून खोकल्या. जाताना सर मला दारात म्हणाले, "ज्या नावानं हाक मारतात आणि जे त्या हाकेला ओ देतं, ते त्याचं नाव, सुनंदाबाई. नकाशात काय लिहिलंय ते नंतर." तेव्हा मला वाटलं, हे सर आता पोरांच्या गुणांसाठी वकिली करताहेत.

हे सगळं एका मुलीच्या बाबतीत फार खरं ठरलं, म्हणून इतकं सांगितलं.

आमच्या शाळेजवळ एक वसतिगृह होतं. हरसूल आणि त्याच्या पलीकडच्या डोंगरातल्या गावांतली मुलंमुली तिथे राहून आमच्याकडे शिकायची. बाकीची शाळा त्यांना सरसकट 'वसतिगृहाची पोरं' म्हणायची. देवरे सरांच्या वर्गात हे चालत नसे. त्यांना पहिल्या आठवड्यातच सगळ्यांची नावं पाठ असत. त्या वर्षी पाचवीत वसतिगृहातून एक मुलगी आली, यमुना. सावळी, चपळ, गणितात आणि लंगडीत पहिली. हजेरीत आपलं नाव आलं की 'हजर' म्हणायची. पण सरांनी मागून हाक मारली, "यमुना," तर ही आपली लिहीतच. शेजारणीने कोपर मारलं तेव्हा दचकून वळली.

सरांनी पुन्हा दोन-तीनदा करून पाहिलं. तेच. त्यांनी काय निष्कर्ष काढावा? पोरीला ऐकू कमी येतं! तिला पहिल्या बाकावर आणून बसवलं, आम्हाला सगळ्यांना बजावलं की हिच्याशी मोठ्याने बोला, आणि एका शनिवारी वसतिगृहाच्या बाईंना बरोबर घेऊन तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने तपासून सांगितलं, "सर, हिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत." सरांचा तरीही विश्वास बसेना. मी पुढे कित्येक दिवस त्यांना यावरून चिडवत होते. नंतर ते बंद केलं.

दिवाळी जवळ आली होती. द्राक्षांच्या छाटणीचे दिवस. डोंगरातली कुटुंबंच्या कुटुंबं तेव्हा बागांच्या कामाला नाशिकच्या आसपास उतरतात. शनिवारची अर्धी शाळा सुटली, सर सायकल हातात धरून निघाले होते आणि मी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत होते. फाटकाशी एक बारा-तेरा वर्षांची मुलगी उभी होती. डोक्याला रुमाल बांधलेला, बोटांना बागेतल्या औषधाचा रंग, हातात पेरूंची पिशवी. तिने मैदानाकडे बघून हाक मारली, "सोनेऽ!"

मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला लंगडी खेळणारी आमची यमुना पहिल्या हाकेला गर्रकन वळली आणि धावत सुटली.

सर जागच्या जागी थांबले. "सुनंदाबाई, पाहिलंत?"

सायकल भिंतीला टेकवून ते त्या दोघींजवळ गेले. धाकटी त्यांना बघून एकदम गप्प झाली.

"ही कोण तुझी?"

"बहीण."

"मोठी का? नाव काय हिचं?"

मोठीला यात काही लपवण्यासारखं आहे हे कुठे ठाऊक? ती हसून म्हणाली, "यमुना."

"आणि ही?"

मोठीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. धाकटी मात्र रडायलाच लागली. "सर, मोठ्या बाईंना नका सांगू. मला घरी धाडतील."

"कोणी धाडत नाही तुला," सर म्हणाले. "आधी मला तुझं नाव सांग."

"सोनी."

"सोनी," सरांनी म्हणून पाहिलं. "आणि मी तुला कानाच्या डॉक्टरकडे नेऊन आलो गं!"

रडता रडता सोनी हसली, मोठीही हसली. मग त्या दोघींनी फाटकाशीच एकमेकींच्या तोंडातले शब्द काढून घेत जे सांगितलं, ते असं. गावच्या शाळेत पहिलीत नाव घातलं होतं ते मोठीचं, यमुनाचं. थोडे दिवस ती गेलीही. मग आई बागेच्या कामाला जायला लागली आणि घरातलं तान्हं पोर यमुनाच्या कडेवर आलं. गुरुजी चौकशीला आले, पट कमी भरत होता. बापाने धाकटीला पुढे केलं, "ही घ्या यमुना." गुरुजींनीही फार निरखून पाहिलं नाही. गावात सगळे तिला सोनीच म्हणायचे, गुरुजीसुद्धा. यमुना ती फक्त हजेरीपुरती. चौथी झाली, पोरगी हुशार, गुरुजींनी नाशिकला धाडली, आणि नावही बरोबर आलं.

सोमवारी सरांनी हजेरी घेतली. 'यमुना'ला सोनीने 'हजर' म्हटलं. पटावरचं शेवटचं नाव झालं, सरांनी पट मिटला, मान वर केली आणि म्हणाले, "सोनी." वर्ग इकडेतिकडे बघायला लागला. पहिल्या बाकावरून अगदी बारीक आवाज आला, "हजर." मुलांना काय, सरांनी म्हटलं की ते बरोबरच. त्या दिवसापासून तिची रोज दोनदा हजेरी व्हायला लागली, एकदा पटावरून आणि एकदा पट मिटून.

वैद्यबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. बाई चांगल्या होत्या, पण मुख्याध्यापिका होत्या. "देवरे, कशाला उकरून काढता? पोरगी शिकतेय ना? मग नाव कोणतं का असेना."

"बाई, तिचं शिक्षण तिच्या नावावर नको?" सर म्हणाले. "आणि त्या मोठीचं काय? कागद म्हणतो यमुना पाचवीत आहे. तिला विचारा, तिला तिचं नाव लिहिता येत नाही."

बाईंनी सुस्कारा सोडला आणि नाव बदलण्यासाठी काय काय लागतं ते सांगितलं. बापाचं प्रतिज्ञापत्र हवं, गावातून जन्माचा दाखला हवा, वर शिक्षणाधिकाऱ्यांचा हुकूम. त्या जुन्या गुरुजींवर काही शेकू नये, एवढी अट सरांनीच घातली.

बापाला भेटायला ते हरसूलला जाणार होते. "तुम्ही चला," मला म्हणाले. "पोरीबाळींच्या घरी एकट्या मास्तरनं जाणं बरं दिसत नाही." छाटणी संपून माणसं गावी परतली होती. एसटीने आम्ही बाजाराच्या दिवशी गेलो. बाप बाजारात नागली, म्हणजे नाचणी, विकायला बसला होता. सर त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि सगळं समजावून सांगितलं. तो घाबरला. बराच वेळ पोत्याच्या कडेला हात फिरवत राहिला.

"सर, आमच्या घरातून एक पोर शाळंला जायची होती," तो शेवटी म्हणाला. "ही गेली काय नि ती गेली काय. एक तर गेली ना? त्यात काय चुकलं?"

"चुकलं नाही काही," सर म्हणाले. "पण आता दुरुस्त करू."

बाजार उठल्यावर तो आम्हाला घरी घेऊन गेला. यमुनाने कोरा चहा केला. घर सारवलेलं, स्वच्छ, आणि ज्या तान्ह्यापायी हिची शाळा सुटली तो आता चांगला धावता पोरगा झाला होता. सर तिला म्हणाले, "सोनीचं नाव आता सोनी लागेल शाळेत. तुझ्या बाबांनी कबूल केलंय."

यमुना चुलीपाशी होती. तिने चटकन विचारलं, "मंग माझं नाव शाळंतून काढणार?"

सरांची बशी हातातच राहिली.

"मी नाय जात, ते ठावं हाय," ती म्हणाली. "पण सोनी सांगती ना, रोज सकाळी तिथं माझं नाव घेत्यात. मला लय बरं वाटतं. मी इकडं काम करती, नि नाव तिकडं शाळंत हाय."

देवरे सरांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "नाही काढणार. तुझं नाव राहील."

परतीच्या एसटीत मी त्यांना म्हटलं, "सर, कसं राहील? पटावरून तर जाणारच."

"बघू," एवढंच म्हणाले.

पुढचे काही महिने सर मोकळा तास मिळाला की सायकलवरून शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत जात. तिथल्या बाकड्यावर बसून मुलांच्या वह्या तपासत. त्यांना बघून तिथला कारकून म्हणे, "मास्तर, तुम्ही इथंच वर्ग भरवा." अखेर वार्षिक परीक्षेच्या तोंडावर हुकूम आला. वैद्यबाईंनी स्वतः पटावर नाव दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी हजेरीत 'सोनी' आलं आणि ती इतक्या जोरात 'हजर' म्हणाली की माझ्या वर्गातली मुलं हसली.

भिंतीपलीकडून मी कान देऊन ऐकत होते. शेवटचं नाव झालं. पट मिटल्याचा आवाज आला. मग सरांचा आवाज, नेहमीसारखाच, "यमुना."

मग सोनी हळूच म्हणाली, "गैरहजर, सर."

त्यांनी दिलेला शब्द असा पाळायचं ठरवलं होतं. आणि एक-दोन महिने नव्हे, पुढची सगळी वर्षं. सोनी पाचवीतून गेली, नवी मुलं आली, त्यांच्यानंतरची आली, पण पाचवी अ ची हजेरी त्याच नावाने संपायची. जूनमध्ये मुलं बावरायची, जुलैपर्यंत सगळा वर्ग एका सुरात 'गैरहजर, सर' म्हणायला लागायचा. ही यमुना कोण, हे कोणी विचारलं तर सर म्हणत, "तुमच्या वर्गातली. यायची आहे." सर रजेवर असले आणि मी त्यांच्या वर्गावर गेले, तर पोरं मला सोडत नसत. "बाई, यमुना राहिली!"

स्टाफरूममध्ये त्यांची चेष्टा व्हायची. कोणी म्हणे देवरेंना विसर पडलाय, कोणी म्हणे नवस बोललेत. मीही चेष्टा करणाऱ्यांतलीच, माझा स्वभावच तसा. पण या बाबतीत माझी जीभ कधी वळली नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी पट चाळून विचारलं, "हे नाव कुठे आहे? मला दिसत नाही."

"प्रवेश झालेला आहे, साहेब," सर म्हणाले. "हजर व्हायची राहिलीय."

साहेबांनी वैद्यबाईंकडे पाहिलं. वैद्यबाईंनी खिडकीकडे पाहिलं. तपासणी पुढच्या वर्गात गेली.

इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं, मुलं पाचवीला येईपर्यंत पोपटासारखी कविता म्हणायला लागली. सरांनी आपला जूनमधला पाठ सोडला नाही. सोनी दहावी झाली, परिचारिका झाली, सुट्टीत आली की सरांना भेटून जायची. तिच्याकडून कळलं की यमुनाचं लग्न झालं, तिकडेच डोंगरातल्या एका गावी दिलीय. सरांनी सोनीबरोबर एक लुगडं पाठवलं होतं. मला वाटतं, तेव्हाच सोनीने बहिणीला सांगितलं असावं की सर अजून तुझं नाव घेतात.

माणूस म्हणून ते काही देवमाणूस नव्हते बरं का. हट्टी होते. आपल्या खडूला कोणी हात लावलेला खपत नसे. उन्हाळ्यात देवळ्याहून कांदे आणायचे, सगळ्यांना वाटायचे, आणि मग ते कसे साठवायचे यावर इतकं व्याख्यान द्यायचे की कांदे नकोत पण सर आवरा असं व्हायचं. निवृत्तीनंतर ते देवळ्याला परतले आणि काही वर्षांनी तिथेच गेले. बातमी मला उशिरा कळली, जाणं झालं नाही. त्याची हळहळ आहे. पण त्यांना आठवायचं म्हटलं की मला त्यांच्या नोकरीतला शेवटचा जूनच आठवतो.

शाळा सुरू होऊन दोन-चार दिवस झाले होते. पाचवीतली मुलं अगदी नवी, सरांच्या हजेरीची रीत त्यांना अजून अंगवळणी पडली नव्हती. मी पाचवी ब कडे निघाले होते. अ च्या दाराशी एक बाई उभी होती, हाताशी एक मुलगी. मुलीच्या अंगावर नवा गणवेश, घडीच्या खुणा अजून तशाच. नवा प्रवेश असणार, म्हणून मी बाजूने निघाले, तेवढ्यात आत पट मिटला.

"यमुना," सर म्हणाले.

मुलांना काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं.

"हाय, सर," दारातली बाई म्हणाली.

सरांनी मान वर केली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बोटांना रंग नव्हता, डोक्याला रुमाल नव्हता, पण मी ओळखलं, तर ते कसे ओळखणार नाहीत?

"हाय नाही," ते म्हणाले. "वर्गात हजर म्हणायचं."

"हजर."

"बस."

तिने मुलीला आत ढकललं. सर म्हणाले, "ती बसेलच. तिचीही हजेरी घेऊ. तू बस."

वर्ग बघत होता. यमुना पदर सावरत गेली आणि शेवटच्या बाकावर बसली. बाक पाचवीच्या मुलांचा, तिचे गुडघे वर येत होते. तिची मुलगी शेजारी, तोंड दाबून हसत होती. मला माझ्या वर्गात जायला हवं होतं. माझा पाय निघेना. डोळे भरून आले होते आणि हातात खडूचा डबा, पुसायचीही सोय नव्हती.

सरांनी मुलांना फळ्यावरचं लिहून घ्यायला लावलं. यमुनाला कोणीतरी पेन्सिल आणि पाठकोरा कागद दिला. तीही मान खाली घालून गिरवायला लागली. सरांनी चपला काढल्या आणि ते मागच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले.

"ए मुला!" मुलगे वळले.

"ए मुली!" मुली वळल्या. यमुना वळली नाही, ती आपलं अक्षर काढत होती.

सर थोडं थांबले. मग आवाज मुळीच न चढवता म्हणाले, "यमुना."

तिने लगेच वळून पाहिलं.

"बठ्ठं बराबर शे," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम माझी हजेरी लवकर उरकली आणि भिंतीशी उभी राहिले. पाचवी अ ची हजेरी पटावरच्या शेवटच्या नावापाशी आली, मुलाने 'हजर' म्हटलं आणि सरांनी पट मिटून इंग्रजीचं पुस्तक उघडायला सांगितलं.